साहेबांच्या वाट्याचा सर्व्हर

“जुना डबा कोणाच्या वाट्याला दिला म्हणता?” प्रवीण साहेबांनी विचारलं.

“तुमच्या,” उर्वशी म्हणाली.

साहेब दारातच थबकले. सर्व्हरच्या खोलीत पादत्राणं घालून यायचं नाही, हा सर्व्हर सांभाळणाऱ्या उर्वशीचा नियम होता. घुग्घुसकडची कोळशाची धूळ बुटांबरोबर आत येते आणि यंत्रांच्या पंख्यांत जाऊन बसते, हे तिने बारा वर्षं स्वतःच्या हाताने पुसून पाहिलं होतं. साहेबांना नाड्या सोडायचा कंटाळा. त्यामुळे संस्थेचे व्यवस्थापक असूनही ते तिच्याशी नेहमी उंबरठ्यापलीकडून भांडत.

संस्थेचे दवाखाने सावली, चामोर्शीपासून पार जंगलाच्या कडेपर्यंत पसरलेले. सगळ्या रुग्णांच्या नोंदी मात्र चंद्रपुरातल्या या एका खोलीत, तीन सर्व्हरवर जशाच्या तशा ठेवलेल्या. दवाखान्यांतून नोंदी उघडण्यासाठी येणाऱ्या मागण्या तिघांनी वाटून घ्यायच्या. वाटणी नागपूरच्या कंपनीने करून दिली होती. एक मागणी पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी तिसऱ्याला, की पुन्हा पहिल्याला. कागदावर किती न्यायाचं दिसतं! तिसरा सर्व्हर नऊ वर्षांचा म्हातारा आहे, हे बघायला सवड कोणाला होती? त्यात चामोर्शीचा आठवडी बाजार. माणसं बाजार आणि दवाखाना एकाच खेपेत उरकतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळी मागण्यांची झुंबड उडते. आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा सगळ्या दवाखान्यांचा अहवाल तिघांच्या मानगुटीवर बसायचा.

गेल्या महिन्यात त्यापायी एक पोर हाल सोसून बसली. इतवारी पोटावी आपल्या नातीला, मयुरीला, जंगलातल्या गावाहून चामोर्शीला रक्त चढवायला घेऊन आला होता. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. मागे एकदा रक्ताच्या एका पिशवीने तिला उलट बाधाच झाली होती. तिला कोणतं रक्त चालत नाही, हे फक्त नोंदीत होतं. नोंद काही उघडेना. नोंद बघितल्याशिवाय डॉक्टरांनी सुई लावली नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. गावाकडची शेवटची एसटी साडेचारची. आजोबा नातीला तशीच घेऊन परत गेला. ती पुढचे चार दिवस दुखण्याने तळमळत होती, हे चामोर्शीचा ऑपरेटर सुनिलने फोनवर सांगितलं, तेव्हा उर्वशी भरल्या डब्यावरून उठली होती.

तिने नागपूरला तीनदा कळवलं. उत्तर आलं, महिन्याची सरासरी उत्तम आहे. सरासरी! तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिला आईचा रोवणा आठवला. तिची आई कमळा सावलीकडे दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवायला जायची. बायका ओळीने उभ्या राहत, प्रत्येकीची आपली पात. एका वर्षी मालकाच्या शिकलेल्या पोराने दोरी लावून सगळ्यांना सारख्या पाती आखून दिल्या. सत्तरीची इंदुताई मागे पडली, तिच्यामुळे सगळी ओळ अडली, आणि पोरगा तिच्यावरच खेकसला. कमळाने हातातली रोपांची जुडी बांधावर ठेवली. “दोरी उचल बापू, मंग रोवणा होईन,” ती म्हणाली. एकेक करत साऱ्या जुड्या बांधावर आल्या. पोराने मुकाट्याने दोरी गुंडाळली. इंदुताईला कडेची अरुंद पात मिळाली आणि दिवस मावळायच्या आत बांधी पुरी झाली.

उर्वशीने तेच केलं. दवाखाने दोन्ही नव्या सर्व्हरना दिले. म्हाताऱ्याकडे फक्त साहेबांचा अहवाल ठेवला. दीड मिनिटात येणारा अहवाल आता अकरा मिनिटं घेऊ लागला, आणि ते आज साहेबांच्या लक्षात आलं.

“मुंबईचे पाहुणे आलेत,” साहेब उंबरठ्यावरून म्हणाले. “अकराला मोठ्या पडद्यावर त्यांच्यासमोरच अहवाल काढून दाखवायचाय. अकरा मिनिटं काय त्यांच्यापुढे भजन म्हणू? तिन्ही सर्व्हर पहिल्यासारखे करा. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“आज बाजार हाये, साहेब.”

“मग?”

“मंग नाई.”

इतकं सरळ ‘नाही’ साहेबांनी या इमारतीत ऐकलेलं नव्हतं.

“तुमचा करार या महिन्यात संपतो, माहीत आहे ना?”

“माहीत हाये. दरसाली संपते थो.”

“मी नागपूरला सांगून वाटणी बदलून घेतो.”

“घ्या ना. लेखी कळवल्यावर त्याईले चार तास लागते. पण कळवाले जासान तं हेबी लिहा, का सुनिल सांगते, इतवारी पोटावी आजबी नातीले घेऊन चामोर्शीत बसला हाये. मांगच्या बारीले तुमच्या अहवालापायी पोरगी तशीच वापस गेली. आजबी गेली तं कोणाचं नाव लिहू?”

तिने टेबलावरच्या रजिस्टरवर हात ठेवला. सर्व्हरमध्ये कोणताही बदल केला की तो त्यात हाताने लिहायचा, हाही तिचाच नियम. शेवटचा रकाना ‘कोणी केलं’. नागपूरची माणसं तिथे नुसतं ‘कंपनी’ लिहून मोकळी होत.

साहेब पाय आपटत निघून गेले. उर्वशी खुर्चीत बसली. भीती वाटली, खोटं कशाला बोलायचं? एकोणचाळीस वर्षांची बाई, बारा वर्षं या एका खोलीत काढलेली. दुसरीकडे कुठे जाणार? पण तिने एकाही सर्व्हरला हात लावला नाही.

अकराच्या सुमाराला मागण्यांची झुंबड उडाली. दोन्ही नवे सर्व्हर भराभर नोंदी देत होते. कोपऱ्यातला म्हातारा एकटाच धापा टाकत साहेबांचे आकडे जुळवत होता. वर सभागृहात पाहुण्यांना चहाची दुसरी फेरी झाली. उशीर का होतोय, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा साहेबांनी नेटवर्कला शिव्या घातल्या.

पावणेबाराला सुनिलचा फोन आला.

“ताई, मयुरीची नोंद उघडली! लगेच उघडली.”

“रक्त?”

“लावलं. कोणतं चालत नाई थे डॉक्टरले साफ दिसून राह्यलं. बुढा इथीच बसला हाये, पोरीचा पाय दाबत.”

उर्वशीने फोन ठेवला. तिने ओढणीने डोळे पुसले, मग उगाचच समोरचा पडदाही पुसला.

साडेचारच्या सुमाराला शिपाई दादाजी एक कोरा कागद घेऊन आला. चपला बाहेर काढून आत आला आणि हळूच म्हणाला, “ताई, साहेब म्हणते, ‘चुकून झालं’ एवढं लिहून द्या. करार वाढवून देते. नाई तं आजपासूनच येऊ नका म्हणते.”

“चुकून नाई झालं, दादाजी.”

“लिहाले काय जाते? मी तं धा बार लिहून देल्लं.”

तिने कागद घडी करून त्याला परत दिला आणि रजिस्टर उघडलं. तारीख घातली. काय बदललं: दवाखाने नव्या सर्व्हरवर, अहवाल जुन्यावर. का बदललं: बाजाराच्या दिवशी रुग्णांच्या नोंदी अडतात. ‘कोणी केलं’च्या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, उर्वशी कमळा कोवे. रकाना अरुंद होता. आडनाव समासात गेलं.

मग पट्टीने खाली आणखी एक ओळ आखली. तिच्यात फक्त लिहिलं, ‘सारं पुन्हा पहिल्यासारखं केलं.’ नावाची जागा कोरी ठेवली.

“हे कोणासाठी?” दादाजीने विचारलं.

“ज्याले करायचं असन त्याच्यासाठी.”

तेवढ्यात सुनिलचा निरोप आला. साडेचारची एसटी सुटली होती. पोरगी खिडकीशी बसली होती आणि चिवडा खात होती. उर्वशीने तो निरोप दोनदा वाचला. खोलीची किल्ली दादाजीच्या हातात दिली. रजिस्टर उघडंच ठेवलं, कोऱ्या जागेवर पेन ठेवला, आणि उंबरठ्याबाहेर येऊन चपला घातल्या.