दोरीची बाजू

त्या सकाळी धरणाचं पाणी इतकं गाढ झोपलेलं होतं, की नावेत खोकायचीसुद्धा चोरी. पाण्यावर धुकं आणि धुक्यात आमची नाव. खाली काय आणि वर काय, पत्ता लागत नव्हता. मला तर मधेच वाटलं, आपण उलटे टांगलेले आहोत. मी खुर्ची घट्ट धरली.

नावेत आम्ही चौघं. माझा लेक, बापासारखाच पाणबुड्या. त्याची लेक टिटवी. हे नाव मीच ठेवलंय, जन्मल्यापासून तिची टकळी बंद नाही म्हणून. तिसरे धरणावरचे साहेब, बूट भिजल्यामुळे नाराज. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जेवणाचा डबा माझ्या मांडीवर होता. डबा काठावर ठेवून जायची कुणाची छाती झाली नाही.

काम असं होतं. दरवाजाशेजारच्या भिंतीला पाण्याखाली भेग पडली होती, आणि ती नेमकी कुठं आहे हे साहेबांना हवं होतं. आजवर अशा वेळी माझा लेक कमरेला दोरी बांधून खाली जायचा. पण गेल्या वर्षी पाण्यानं त्याचा डावा कान नेला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "पुन्हा खोल गेलात तर उजवाही जाईल." त्याला आता तेवढाच उरलाय. माझ्या थापा तो त्याच कानानं ऐकतो. तो कान गेला तर मी थापा मारायच्या कुणाला, भांड्यांना?

म्हणून टिटवीनं भुंगा आणला. खरं तर तो पाण्याखालचा ड्रोन, पण पिवळा, गोलमटोल, आणि पाण्यात घूं घूं करत फिरतो, मग मी दुसरं काय म्हणणार? त्याला कॅमेरा आहे, दिवा आहे. फक्त आपण कुठं आहोत हे त्याला कळत नाही. भेग दिसली तरी सांगणार काय, "मी एका भिंतीपाशी आहे"? त्यासाठी टिटवीनं भुंग्याच्या पाठीवर एक डबी बसवली, आणि नावेला बांधायला एक लांब दांडा केला. दांड्याच्या पाण्यातल्या टोकाला एक वाटीएवढा कान. हा कान हाक मारतो, डबी ओ देते. ओ यायला किती वेळ लागला आणि कुठल्या अंगानं आली, त्यावरून कॉम्प्युटरवर ठिपका उमटतो, की भुंगा इथं.

आठवडाभर तो दांडा आमच्या जेवणाच्या टेबलावर आडवा होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. डबीची परीक्षा घ्यायला टिटवीनं ती गच्चीवरच्या टाकीत सोडली, तर चारही भिंतींनी ओ द्यायला सुरुवात केली. ठिपका वेड्यासारखा नाचला. "टाकी लहान आहे गं, आवाज भिंतींवर आपटून परत येतो," ती म्हणाली. मी म्हटलं, "आपल्या घरातही तसंच होतं, तू बोलायला लागलीस की."

नावेत मात्र ती गप्प होती. पाण्याचं ऊन-गार मोजलं, कारण त्यावर हाकेचा वेग ठरतो म्हणे. दांडा डाव्या कडेला बांधला, होकायंत्र लावलं. भुंगा भिंतीकडच्या बाजूनं पाण्यात सोडला. पिवळा रंग हिरवा झाला, मग नुसता उजेड झाला, मग विरघळला.

"दुपारपर्यंत जागा पक्की कळायला हवी," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर..." आणि त्यांनी माझ्या लेकाकडे पाहिलं.

"मी आहे ना," लेक म्हणाला. गाढव! दोरी घेऊनच आला होता.

कॉम्प्युटरवर टिक झालं. प्रत्येक 'ओ'ला एक टिक. ठिपका उमटला, आणि टिटवीचा चेहरा पडला.

आमची नाव दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात होती. उजवीकडे दरवाजाची भिंत, तिथं भुंगा सोडलेला. डावीकडे दुसरी दगडी भिंत, तिच्या माथ्यावर चौकीदाराची खोली. ठिपका म्हणत होता, भुंगा डावीकडे आहे. भिंतीच्याही पलीकडे. दगडाच्या पोटात.

"म्हणजे चौकीदाराच्या खाटेखाली," मी म्हटलं. "त्याला उठवा, म्हणावं पाय वर घे."

"आई," लेक म्हणाला, "जरा गप्प बस."

"होकायंत्र चुकतंय बहुतेक," टिटवी म्हणाली. "आजी, तुझी खुर्ची लोखंडी आहे का?"

मग काय! मला खुर्चीसकट उचललं आणि नावेच्या टोकाला नेऊन ठेवलं, सामानासारखं. ठिपका थोडा डुलला, मान हलवल्यासारखा, आणि पुन्हा चौकीदाराच्या खाटेखाली जाऊन बसला.

धुकं विरायला लागलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझा लेक दोरीची गुंडाळी सोडायला लागला. ती दोरी नावेच्या फळीवर सरसरत होती. एरवी मला तो आवाज आवडतो. त्या दिवशी मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

टिटवी एकटक पाण्याकडे बघत होती. मग तिनं डावीकडच्या दांड्याकडे पाहिलं, नावेच्या खोल पोटाकडे पाहिलं, उजवीकडच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. टाकी आठवली असणार तिला. मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. नावेचं पोट मधे आडवं येत होतं. भुंग्याची सरळ ओ कानापर्यंत पोचतच नव्हती. डाव्या भिंतीवर आपटून फिरून येणारी तेवढी पोचत होती, आणि कान बिचारा तीच खरी धरून बसला होता. दांडा उजवीकडे बांधला की झालं.

पण उजवी बाजू दोरीची. आमच्या नावेत तिथं काही टांगत नाहीत. बादली नाही, जाळं नाही, ओला टॉवेलसुद्धा नाही. माणूस खाली असतो, त्याची दोरी कशात अडकायला नको. टिटवीनं दांडा डावीकडे बांधला तो विचार करून नाही. आमच्या घरात कुणाचा हात उजवीकडे जातच नाही. आणि आता ते बापाला सांगायचं म्हणजे, बाबा, ही बाजू आता तुमची नाही, असं सांगायचं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. टिटवीनं!

मग मीच सुरू केलं. "काल स्वप्नात हे आले होते."

लेकाचा हात थांबला. "आई, आत्ता नको."

"बादली डोक्यावर घालूनच आले. तीच बादली, जिच्यात यांची दोरी अडकली होती. आत दोन मासे अजून भांडत होते."

ही गोष्ट मी त्याला लहानपणापासून सांगते. बादलीतले मासे भांडून भांडून शेवटी यांना वर घेऊन आले, असं. खरं काय झालं होतं ते त्यालाही ठाऊक आहे. त्या दिवशी हे वर आले तेव्हा निळे पडले होते. तेव्हापासून ती बाजू मोकळी.

"काय म्हणाले बाबा?" त्यानं विचारलं.

"म्हणाले, उजवी बाजू रिकामीच आहे ना आता? भाडेकरू ठेवा."

साहेब हसले. लेक हसला नाही. त्यानं लेकीकडे पाहिलं. "खरं का गं? तिकडून ऐकू येईल?"

"हो बाबा," ती हळूच म्हणाली. "नाव आड येतेय. पण तिकडे तुमची..."

तो उठला. दांडा सोडून उजवीकडे आणला. बांधायला तिथं काहीच नव्हतं. कधी काही बांधलंच नाही, तर असणार कुठून? त्यानं थोडा वेळ हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग त्या दोरीनंच दांडा आवळला, वरून खालून, फेऱ्यावर फेरे, दोरी संपेपर्यंत. गाठ त्याच्या बापाची होती.

टिक.

ठिपका चौकीदाराच्या खाटेखालून निघाला, दगडातून पाण्यात आला आणि उजव्या भिंतीपाशी जाऊन थांबला. साहेबांचा विश्वास बसेना. टिटवीनं भुंगा दरवाजाच्या कडीला नेऊन टेकवला. कडीची जागा साहेबांच्या नकाशात होती. ठिपका कडीवर बसला, पाखरू बसावं तसा. मग भुंगा भिंतीलगत हळूहळू सरकला. पडद्यावर हिरवट उजेडात दगड आले, शेवाळ आलं, आणि मग ती काळी बारीक रेघ.

"थांबव," साहेब म्हणाले. "सापडली! जागा लिहून घेतो." आणि माझ्या लेकाला म्हणाले, "तुम्ही बसा निवांत."

तो माझ्या खुर्चीशेजारी फळीवर बसला. ऊन आलं होतं, पाणी जागं झालं होतं. त्यानं उजवा कान कॉम्प्युटरकडे वळवला आणि डोळे मिटले. टिक. टिक. खालून कुणीतरी ओ देत होतं, आणि खाली आपलं कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आई, आणखी काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, आता डबा उघडा."