डोळ्यांनी भाजलेले पेअर

रंगांच्या दुकानात तिला सगळे शेडबाई म्हणायचे. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा नखाएवढा पोपडा कागदात बांधून आणायचं आणि म्हणायचं, "अगदी हाच पाहिजे." मशीन होतं, पण ते जवळपासचं काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. शेडबाई पोपडा घेऊन दुकानाच्या दारात जायची, उजेडात उलटापालटा करून बघायची आणि डब्यात थेंब थेंब टाकत रंग जमवायची. नवा हात कुठे संपला नि जुनी भिंत कुठे सुरू झाली, हे मग घरमालकालाही सापडायचं नाही.

घरात मात्र तिची ख्याती नाकासाठी होती. जिन्याच्या पहिल्याच वळणावर ती सांगायची, वर कोणाचं तरी दूध लागलंय. स्वयंपाकही नाकानेच. चव म्हणून घ्यायची नाही. "वास आला की कळतं," एवढंच म्हणायची, आणि तिच्या हातचं खाऊन कोणी ताटात टाकलंय, असं कधी झालं नव्हतं.

गेल्या थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला, आणि वासामागोमाग चवही. जिभेला गरम-गार कळायचं, मऊ-कडक कळायचं, बाकी सगळं कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "परत येईलही. वाट बघू या." वाट बघता बघता उन्हाळा लागला. नवरा आणि लेक सोडून तिने हे कोणाच्या कानावर घातलं नव्हतं. हाताला वर्षांची सवय होती, त्या सवयीवर स्वयंपाक चालला होता. दोघं मुकाट जेवून उठायची, तेव्हा तिला वाटायचं, सगळं आलबेल आहे.

मग एके दिवशी ती गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आत आली, तर नवरा पातेल्यावर वाकलेला. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मिठाची बरणी. लेक दाराशी पहाऱ्याला उभी होती, पण पहारेकरीण मोबाईलमध्ये बुडालेली.

"काय चाललंय?"

नवऱ्याने बरणी पाठीमागे नेली. "काही नाही. झाकण नीट बसत नव्हतं."

"बाबा, सांगून टाका ना," लेक म्हणाली. "आई, कधी मीठच नसतं, कधी दोनदा पडतं. आम्ही फक्त सारखं करून घेतो. बाकी सगळं छान असतं गं."

"कधीपासून?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिला उत्तर मिळालं.

ती रडली नाही, भांडलीही नाही. कपडे खुर्चीवर ठेवले, घड्या घातल्या आणि म्हणाली, "उद्यापासून तुम्हीच करा."

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काम हातात घेतलं की जीव ओतून करायचा, तसा त्याने स्वयंपाकही जीव ओतून केला. त्याच्या सूपमध्ये चमचा उभा राहायचा. लेकीने एकदा विचारलंच, "बाबा, हे खायचं की भिंतीला लावायचं?" तिघंही हसली. पण हसून झाल्यावर शेडबाई बशी विसळायला उठली आणि बराच वेळ नळाखाली एकच बशी धरून उभी राहिली. तिला मिठाचं वाईट वाटलं नव्हतं. आपल्या मागून कोणीतरी आपलं काम पुसतंय, पुन्हा रंगवतंय, आणि आपल्याला पत्ताच नाही, हे तिला लागलं होतं.

त्यात नणंदेचा फोन आला. नवऱ्याची मोठी बहीण. शिवणाचा क्लास चालवायची आणि टाका असो की घास, उसवून बघितल्याशिवाय सोडायची नाही. नाक मुरडण्यात तिचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं. तिच्या तोंडून 'ठीक आहे' निघालं तर माणसं ते वर्षभर सांगत फिरायची. रविवारी दुपारी जेवायला येते म्हणाली.

"जेवणाचं मी बघतो," नवरा म्हणाला. "गोड बाहेरून आणू."

"गोड मी करणार," शेडबाई म्हणाली. "आणि मध्ये कोणी चमचा घालायचा नाही. तुम्ही नाही, ही नाही."

"अगं, पण..."

"अहो, सांगितलं ना."

काय करायचं हे तिने मनाशी ठरवलं होतं. भाजलेले पेअर. फळ, लोणी, साखर, लिंबू, दालचिनीची एक काडी, बस्स. त्यात झाकायला काही नाही आणि नंतर सावरायलाही काही नाही. जे व्हायचं ते ओव्हनमध्ये, काचेपलीकडे. आणि काचेपलीकडचं बघायला नाक कुठे लागतं?

आधी घरच्यापुरते करून बघितले. ते फसले. पिकलेले पेअर आणले होते, त्यांचा नुसता लगदा झाला. लेकीने तो चमच्याने खाल्ला आणि तोंड उघडायच्या आत आईने हात वर केला. "कसा लागला ते विचारलेलं नाही. दिसतोय मला."

रविवारी सकाळी फळवाल्याकडे जाऊन तिने एकेक पेअर देठाशी अंगठ्याने दाबून बघितला. किंचित दबेल असा हवा, खड्डा पडेल असा नको. फळवाला म्हणाला, "बाई, लग्न ठरवताय का?" ती म्हणाली, "लग्नाला एवढं कोण बघतं!"

घरी येऊन तिने साल काढली, फळं उभी चिरली, मधला बियांचा भाग चमच्याने गोल कोरून काढला. लिंबू चोळलं, म्हणजे काळी पडायला नकोत. ट्रेमध्ये लोणी नि साखर पसरली, त्यावर फळं पालथी मांडली, मधोमध दालचिनी ठेवली. साखर मापाने घेतली. आता अंदाज नाही. ट्रे आत सरकवला आणि स्टूल ओढून ओव्हनसमोर बसली.

बसली ती कान देऊन. सुरुवातीला पाणी सुटलं तेव्हा आवाज भराभर येत होता, पातळ, तडतड. हळूहळू तो जाड व्हायला लागला. बुडबुडे सावकाश फुटायला लागले, एकेक, आळसावल्यासारखे. लगद्याच्या दिवशीही हे झालं असणार, पण त्या दिवशी तिने ऐकलंच नव्हतं.

एवढ्यात बेल वाजली. नणंद आली, दारातूनच घराच्या पडद्यांबद्दल बोलत. आणि तिच्यामागून नवरा धावत स्वयंपाकघरात.

"अगं, करपतंय! बाहेरपर्यंत वास येतोय. काढ, काढ!"

शेडबाई स्टुलावरून उठली. तिला काहीच येत नव्हतं, ना करपल्याचा वास, ना कसला. हात ओव्हनच्या मुठीकडे गेलासुद्धा. या घरात आता वास त्याला येतो, तिला नाही. त्याचं ऐकणं शहाणपणाचं होतं.

पण तिने आधी वाकून बघितलं. ट्रेमधला पाक मधासारखा होता, काळपट नव्हता. बुडबुडे अजून फुटत होते. जळलेली साखर अशी बोलत नाही. मग तिची नजर खाली गेली. ट्रेच्या कडेवरून एक थेंब ओघळला होता आणि ओव्हनच्या तळाशी त्याचा कोळसा झाला होता.

"खाली सांडलंय ते जळतंय," ती म्हणाली. "वरचं व्हायचंय अजून."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही खिडकी उघडा आणि ताईंना पाणी द्या."

तो घुटमळला. मग त्याने खिडकी उघडली आणि गेला.

ओव्हनच्या पिवळ्या दिव्यावर तिचा विश्वास नव्हता. थोड्या वेळाने तिने ट्रे बाहेर काढला आणि तसाच खिडकीत नेला, दिवसाच्या उजेडात. एक फोड उलटवली. कडेला गडद तपकिरी, आत येता येता तांबूस, मधोमध फिकट सोनेरी. कुठे डाग नाही, कुठे कच्चा पांढरा नाही. तिने दुकानात आयुष्यभर रंग जमवले होते. असा एकही जमला नव्हता. ती स्वतःशीच म्हणाली, "झालं."

जेवण नवऱ्याचं होतं, त्यावर नणंदेने "पोट भरलं" एवढंच म्हटलं. मग शेडबाईने बशा आणल्या. प्रत्येकीत अर्धा पेअर, वर चमचाभर पाक, बाजूला थंडगार साय.

नणंदेने पहिला घास घेतला आणि बोलणं थांबवलं. दुसरा घेतला. नवरा आणि लेक स्वतःच्या बशा विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बशी संपली, तेव्हा नणंद उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ट्रेच घेऊन आली. कोपऱ्यातला पाक चमच्याने खरवडत म्हणाली, "ह्याच्यापुढे मला बोलायला काही नाही. कोणी शिकवलं तुला? आणि तू का खात नाहीस? सांग, तुला कसा लागतोय."

नवरा घाईघाईने म्हणाला, "तिला ना, जरा सर्दी..."

"सर्दी नाही, ताई," शेडबाई म्हणाली. "थंडीपासून माझा वास गेलाय. चवही. मला यातलं काहीसुद्धा कळत नाही."

चमचा ट्रेवर थांबला. "मग हे केलंस कसं?"

"बघून. ऐकून."

"कोणी चव घेऊन सांगितली?"

"कोणी नाही," लेक म्हणाली. तिच्या आवाजात एवढी ऐट होती की शेडबाईने चमकून तिच्याकडे बघितलं. "आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही."

नणंद खुर्चीवर बसली. तिने शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे," ती म्हणाली. "बशी घे. खा, मी सांगते."

शेडबाईने घास घेतला. गरम फळ, गार साय, दाताखाली जराशी रवाळ कड.

"आधी गोड येतंय," नणंद म्हणाली. "मग लिंबाची धार, जिभेच्या कडेला. दालचिनी लगेच नाही कळत, गिळल्यावर कळते. आणि ती तपकिरी कड आहे ना, ती किंचित कडवट आहे. त्या कडवटपणानेच सगळं तोललंय. आणखी थोडं आधी काढलं असतंस, तर नुसतं गोड झालं असतं."

शेडबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून हसत होता.

निघताना चपला घालता घालता नणंद म्हणाली, "पुढच्या महिन्यात क्लासच्या सगळ्या मुली माझ्याकडे जेवायला आहेत. गोड तू करशील?"

"करीन की," शेडबाई म्हणाली. "पण फळं मी निवडणार. आणि ओव्हनसमोर स्टूल माझं."

"बाई गं, तू म्हणशील ते," नणंद म्हणाली आणि जिना उतरू लागली. खालच्या वळणावर शेजारीण भेटली असावी, कारण नणंदेचा खणखणीत आवाज वरपर्यंत आला: "आमच्या भावजयीने केलं, दुसऱ्या कोणी नाही!"

शेडबाई दार लावायचं विसरून, तो आवाज पुरता विरेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली.