बयाबाईने सोडलेला रबर

मी मैना बोलतेय. नाव पाखराचं असलं तरी मी घोडी आहे, डिंगोरे गावच्या संपतची. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की सगळ्यांत पुढे मी, पाठीवर संपत. नंबर आला की फोटो मात्र बैलांचा निघायचा. चालायचंच.

संपतने मला अकलूजच्या बाजारातून आणलं तेव्हा मी अडीच वर्षांची होते. त्याची बायको बयाबाई सुरुवातीला मला घाबरायची. पण चार महिन्यांत तिच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय माझा दिवस उजाडेनासा झाला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बाभळीचा काटा माझ्या पुढच्या उजव्या पायात शिरला, खुराच्या वर, थेट सांध्यात. काटा निघाला, पण सांधा फुगला. चौथ्या दिवसापासून मला पाय टेकवेना. मानेत आठ इंजेक्शनं झाली, काही उपयोग झाला नाही. मला पाहून संपत जेवणावरून उठायचा.

मग कुणीतरी ओतूरच्या माणिकचंद शेठजींच्या मुलीचं नाव सांगितलं. डॉक्टर हर्षा नुकतीच जनावरांची डॉक्टर होऊन आली होती. "कापडवाल्याची पोर घोडीला काय हात लावणार राव?" असं म्हणत संपत तिला घेऊन आला.

तिने सांध्यातून सुईने पाणी काढलं. ते गढूळ होतं. "काका, आत पू झालाय. मानेतलं औषध अंगभर फिरतं, इथं पुरेसं पोचत नाही. औषध पायातच द्यायला हवं."

तिने मला गुंगी दिली, सलाईनने सांधा धुतला, वरच्या बाजूला पायाला रबर घट्ट आवळला आणि खालच्या शिरेत औषध सोडलं. "अर्धा तास रबर सोडायचा नाही. तोवर औषध सांध्यात मुरेल," असं सांगून ती संपतबरोबर ओट्यावर चहाला गेली.

माझ्याजवळ बयाबाई होती. तिने खुराला हात लावला. "अगं माझे बाई, पाय गार पडलाय की!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने रबर सैल केला. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! अर्धा तास होत आला तेव्हा तिने तो घाईघाईने पुन्हा आवळला. एक दिवसाआड आणखी दोनदा हेच झालं.

पाय होता तसाच राहिला. तिसऱ्या खेपेनंतरच्या सकाळी हर्षा माझ्यापाशी उकिडवी बसली. तिचा चेहरा उतरला होता. "माझंच काहीतरी चुकतंय, काका. पू असाच राहिला तर सांधा कायमचा जाईल. मैना पुन्हा नीट उभी राहणार नाही."

संपत भडकला. "मी म्हणलंच व्हतं, पोरीच्या नादाला लागू नये. लई झालं आता. नाय जमत तर तसं सांगायचं व्हतं!"

हर्षा मान खाली घालून बॅग आवरू लागली. मी सगळं पाहिलं होतं. पण मी बोलणार कशी? नुसती फुरफुरले.

"आवं, तिला नका बोलू," बयाबाई पुढे आली. "रबर मी सोडत व्हते. तिन्ही येळा. पाय गार लागला, मला बघवंना. ताई, तुमचं काय बी चुकलं न्हाई."

संपतने कपाळावर हात मारला. हर्षा मात्र हसायलाच लागली, डोळे पुसत हसायला लागली. "मावशी, अहो, म्हणजे औषध कमी पडलं नाही, ते पोचलंच नाही! रबराने रक्त अडतं, पाय गार पडणारच होता. चला, पुन्हा बांधू. आणि या वेळी घड्याळ तुमच्या हातात."

बयाबाई अर्धा तास घड्याळाकडे बघत बसली. एका हाताने माझं नाक कुरवाळत होती. मला ठणका लागला होता, पण मी हलले नाही.

आणखी दोन खेपा झाल्या. सहाव्या दिवशी मी चारही पाय टेकवून उभी राहिले. संपत माझ्या गळ्यात पडून रडला, मग हर्षाला म्हणाला, "पोरी, माझं चुकलं." त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आता मी म्हातारी झालेय. शर्यती सोडल्या, बांधावर चरते, लंगडत नाही. एक मात्र तुम्हांला सांगून ठेवते. मायेपोटी तुमच्या हातून काही चुकलं तर आम्ही राग धरत नाही. पण डॉक्टरला तेवढं सांगा. आम्हांला सांगता येत नाही.