करण्यात आला

"हा 'मी' कोण?" सरांनी पेन्सिलचं टोक कागदावर टेकवत विचारलं.

"मी... म्हणजे मीच, सर."

"अहवालात मी नसतो, आम्ही नसतो, आमची मावशीही नसते! तांत्रिक अहवाल आहे हा, आत्मचरित्र नाही. पंप 'सुरू केला' नाही, 'सुरू करण्यात आला'. कळलं?"

"हो, सर."

सरांनी वाक्य खोडून वर नवीन लिहिलं. 'पाणी न भरता पंप क्रमांक दोन सुरू करण्यात आला.' ती ते पाहत राहिली आणि, खोटं कशाला बोला, तिचा जीव भांड्यात पडला. गेले तीन आठवडे जे एक वाक्य तिला झोपू देत नव्हतं, ते सरांनी पेन्सिलच्या एका फटकाऱ्यात निर्दोष करून टाकलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन महिने पाण्याच्या पंपघरात प्रशिक्षण झालं होतं आणि त्याचा अहवाल आज पाचच्या आत कॉलेजच्या विभागात द्यायचा होता. त्यावर पंपघराच्या साहेबांची सही हवी, सोबत प्रमाणपत्र हवं. नसेल तर प्रशिक्षण पुढच्या वर्षी पुन्हा, म्हणजे वर्ष बुडालं. सकाळी आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, "ते बाड एकदाचं देऊन टाक बाई. त्याच्यापायी अर्धी झालीस तू."

अर्धी झाली होती ती सातव्या प्रकरणापायी. 'बिघाडाचे विश्लेषण', गुण वीस. बिघाड शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं, तो तिनेच केला होता. पंप दोन आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी खोललेला, त्यामुळे त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पंप चालवणारे काका मीटरच्या खोलीत जाताना बजावून गेले होते, "मी येईपर्यंत हात लावू नकोस. याला आधी पाणी पाजायचंय." पण हिला सुरू होतानाच्या करंटचं वाचन हवं होतं, तक्त्यात तेवढाच एक रकाना रिकामा होता. हिने हिरवं बटण दाबलं. कोरडा पंप चार मिनिटं किंचाळला. जळक्या रबराचा वास आला तेव्हा काका धावत आले, बटण बंद केलं आणि तिच्याकडे न बघता नोंदवही ओढली. 'पंप दोन चालू केला.' खाली स्वतःची सही. त्या वहीत विद्यार्थ्याच्या सहीला जागाच नव्हती.

तेव्हापासून काका त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. ती मात्र रोज मनातल्या मनात बोलत होती.

नवीन पान छापून ती बारा वाजता पंपघरात पोचली. साहेबांनी अहवाल चाळला. एक पान, दोन पानं... सातव्या प्रकरणाशी थांबले.

"पाणी न भरता?" साहेबांनी चष्मा वर केला. "आमचे पंपवाले काका तर म्हणाले, पंपाचं रबरी सील जुनं होतं, फुटलं. मी तसंच लिहून फाइल मिटवणार होतो."

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"बरं झालं तू लिहिलंस. नोंदवहीत सही त्यांची, पाळी त्यांची. निवृत्तीला सहा महिने राहिले आणि म्हातारा खोटं बोलायला लागला!" साहेबांनी शेवटच्या पानावर झोकात सही केली, शिक्का मारला, प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "या पानाची एक प्रत काढून ठेवतो. सेवापुस्तकात शेरा मारावाच लागेल."

ती अहवाल छातीशी धरून बाहेर आली. काका दारातल्या स्टुलावर बसून पान्याला तेल लावत होते.

"झाली सही?"

"झाली, काका."

"वाच बघू, आपल्या पंपाबद्दल काय लिहिलंयस ते."

तिने वाचलं. काकांचा हात थांबला. त्यांच्या खोटेपणाला आता कागदी पुरावा मिळाला होता, हे त्यांना समजलं असणारच. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"करण्यात आला म्हणजे? कोणी केला?"

"तसं... तसं लिहायचं नसतं, काका. सर म्हणाले."

"असं होय." ते पुन्हा तेल लावू लागले. "शिकलेल्यांची भाषा वेगळी. जा, पाचला द्यायचंय ना? उशीर नको करू."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ती फाटकापर्यंत गेली. बस समोर उभी होती. प्रमाणपत्र पिशवीत होतं. एक पाऊल टाकलं की झालं. वीसपैकी अठरा तरी मिळतील, आई मशीन थांबवून हसेल, आणि काकांना सहा महिने तर काढायचेत... हा हिशेब मांडताना तिला स्वतःची इतकी किळस आली की ती वळली आणि जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, एक चूक राहिलीय."

तिने सातवं प्रकरण उघडलं, 'करण्यात आला' हे शब्द एका रेघेने खोडले आणि वर लिहिलं, 'मी केला. काका नव्हते. त्यांनी मनाई केली होती.' शेजारी सही केली. अक्षर पाहून कोणी म्हणालं नसतं की ही मुलगी तंत्रशुद्ध आकृत्या काढते.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी हात पुढे केला. "प्रमाणपत्र."

तिने दिलं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मनाई असताना यंत्राला हात लावणाऱ्याला मी प्रमाणपत्र देऊ शकत नाही. पुढच्या वर्षी ये."

"आणि काका?"

"खोटं बोलल्याबद्दल ऐकून घेतील माझं. शेरा नाही."

बाहेर काकांनी सगळं ऐकलं होतं. ते उभेच होते.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? माझं काय, एक शेरा! सहा महिन्यांनी ते पुस्तक कोण वाचणार होतं? तुझं वर्ष गेलं की!" त्यांचा आवाज फाटला. "आईला काय सांगशील?"

"माहीत नाही." आणि आता मात्र तिला रडू आवरेना.

काकांनी खिशातल्या फडक्याने स्टूल पुसलं. "बस इथं." ती बसली. एकची नोंद घ्यायची वेळ झाली होती. काका आत गेले आणि पंपांच्या घरघरीवर आवाज चढवून, रोजच्यासारखे ओरडले,

"दाब तीन पूर्णांक दोन!"

तिने पिशवीतून वही काढली. ही वाचनं आता कुठल्याच अहवालात जाणार नव्हती. नाक ओढत तिने तारीख घातली, वेळ घातली.

"लिहिलंस का?"

"लिहिलं, काका. पुढचं सांगा."