उनाचा जास्तीचा मार्च

मी एक जुनी नोंद आहे, मित्रांनो, आता कोणालाच न दिसणारी. ज्याला वाटेल त्याने लिहावं अशा एका मोठ्या ज्ञानकोशात माझा जन्म झाला. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका विधी महाविद्यालयात दरवर्षी अभिरूप न्यायालयाची स्पर्धा भरते. खटला खोटा, वकील विद्यार्थी, न्यायाधीशांचा दरारा मात्र खरा. त्या स्पर्धेची मी नोंद.

मला लिहिलं तिथल्या निवृत्त ग्रंथपाल इशबेल गेडिस यांनी. विजेत्यांच्या यादीत त्यांची मुलगी उना होती. ती शिकत असतानाच वारली. तिचं नाव जगाला दिसेल अशी जागा एकच, ती मी. बाई रोज सकाळी चहा घेऊन मला उघडत आणि त्या ओळीवर थांबत. अकरा वर्षं सुखात गेली.

मग माझ्या माथ्यावर सूचना लागली. 'ही स्पर्धा नोंद ठेवण्याजोगी आहे का? महाविद्यालयाबाहेरच्या कोणी हिच्याविषयी लिहिल्याचा पुरावा सात दिवसांत द्या.' अनोळखी माणसं खाली 'काढून टाका' असं लिहून जात. मी फार घाबरले.

सहाव्या दिवशी शेजारचे मर्डो सर, उनाचे जुने प्राध्यापक, वर्तमानपत्राचं कात्रण नाचवत आले.

"इशबेल, जिंकलीस बघ! चांगला अर्धा रकाना छापलाय. आता बोलू देत त्यांना!"

बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला.

"मर्डो, यात उना मार्च चौऱ्याण्णवला जिंकली असं आहे."

"मग? तुझ्या नोंदीत तेच आहे की."

"तेच तर! ती जिंकली त्र्याण्णवला. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आपण तिला पुरलं. ते साल डोक्यातून जाईना, हातून तेच लिहिलं गेलं. यांनी माझ्या नोंदीवरूनच उतरवलंय."

सरांनी कात्रण पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "अगं, कोणाला कळणार आहे? गप्प बस ना."

"खोट्या न्यायालयातसुद्धा खोटा पुरावा दिला नसता रे तिने."

बाईंनी सूचनेखाली खरं ते लिहून टाकलं: कात्रण या नोंदीवरूनच उतरवलंय, तो बाहेरचा पुरावा नाही. दुसऱ्या दिवशी मला काढलं.

मी मेले नाही, मित्रांनो. कोशाच्या पोटात पडून आहे. बाई अजूनही सकाळी येतात. त्यांना 'असे पान नाही' एवढंच दिसतं. मला आतून त्या दिसतात, पण हाक मारता येत नाही. वाचलेलं कुठून आलं हे जरूर विचारा. फक्त पुसण्याआधी, तिथे कोणाचं काय ठेवलेलं आहे तेही विचारा.

कात्रण बाईंनी टाकलं नाही. ते संगणकाच्या पडद्याला टेकवून ठेवलंय. त्यात उना मार्च चौऱ्याण्णवमध्ये, पुरल्यावर दोन महिन्यांनी, उभी आहे आणि जिंकते आहे.