मोराची जागा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, पाहिलंत तर ओळखणार नाही. जाडजूड पुस्तकाएवढी, चौकोनी, अंगावर एक सोललेलं लेबल. दूर बंगालात, बेहालाच्या एका गल्लीत तळमजल्यावर भरतकामाची खोली आहे. तिथल्या टेबलावर मी असते. माझ्याखाली भरतकामाच्या पातळ कागदांचा गठ्ठा आहे. पंख्याने तो उडू नये म्हणून मी. पूर्वी माझ्या पोटात अख्खं दुकान मावत होतं. आता मी वाऱ्याशी कुस्ती खेळते. खरं सांगायचं तर दोन्ही कामांत मला विशेष काही वाटलेलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीला इतकी बंदी होती की माणसं नखशिखांत झाकून येत आणि शिंक आली तर ती घरी नेऊन शिंकत. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या. त्या मिनिटाला सात हजार दोनशे गिरक्या घेतात. त्यांच्यावरून एक बारीक सुई तरंगते, कधी न टेकता, आणि मधल्या फटीत केससुद्धा जात नाही. शेजारच्या रांगेतल्या एका चकतीवर म्हणे डास बसला होता. तो उठला तेव्हा त्याला नातवंडं झाली होती. खोटं वाटत असेल तर त्या डासाला विचारा. मी लोखंडाची, मला खोटं बोलून काय मिळणार?

माझा स्वभाव मात्र आत्ताच सांगून ठेवते. माझ्यावर जे लिहाल ते मी ठेवते. लग्नाचे फोटो लिहा, विजेचं बिल लिहा, मला दोन्ही सारखेच गार.

मला प्रेमलताबाईंनी घेतलं. त्यांचे आजोबा नोकरीसाठी या गावात आले आणि परत जायचं राहून गेलं. बाई इथेच जन्मल्या. घरात मराठी, दारात बंगाली, आणि वाण्याशी भांडताना हिंदी. त्यांच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन होतं. पडद्यावर चित्र काढायचं, कुठला टाका कुठून कुठे जाईल ते एकेक करून ठरवायचं, मग ते पेन ड्राइव्हवर घालून मशीनला द्यायचं. या धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. मशीन इतकं म्हातारं की एका वेळी एकच डिझाइन त्याच्या गळी उतरे. दुसरं घातलं की ते रुसून बसे. म्हणून बाकी सगळं माझ्याकडे.

त्या सगळ्यात एक मोर होता. पैठणीवर बांगडीत बसलेला मोर असतो ना, तोच. पण बाईंनी त्याची बांगडी बदलली. इथल्या सवाष्णी हातात शाखा-पोला घालतात, एक शंखाची पांढरी बांगडी आणि एक लाल. बाईंनी मोर त्या जोडीत बसवला, मान मागे वळवलेला. दोन पावसाळे त्या मानेवर गेले. मान वळवली की मोर बदक दिसे, सरळ केली की कोंबडा. एके दिवशी तो मोर झाला. मग काय, पाड्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, बायका दुर्गापूजेआधी ब्लाउज घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. ती रांग मेट्रोच्या खांबापर्यंत जाई. एकदा एक बस त्या रांगेला थांबा समजून थांबली आणि रिकामीच निघून गेली. ही गोष्ट बाई सांगत नाहीत, मी सांगते.

बाई म्हणत, “माझं डोकं विसरेल, कॉम्प्युटर विसरणार नाही.” माझ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच.

आता क्षितिजचं ऐका. हा त्यांचा मुलगा. शिकून झालं, आणि तो न्यू टाउनच्या एका कंपनीत निवडला गेला. तिथे कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालतात. घरी सराव हवा. पण बाईंचा पंचिंगचा प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी नांदत नव्हता. दोन कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ठरलं की माझ्याच पोटात भिंत घालायची. अलीकडे आईचं विंडोज, पलीकडे मुलाचं लिनक्स. कॉम्प्युटर सुरू झाला की तो विचारणार, आज कुणाच्या दाराने जायचं? हल्ली पुष्कळ जण असं करतात. काम अवघड नाही. विंडोजने अडवलेली जागा थोडी आकसायची, तिथलं सामान पुढे सरकवायचं, मोकळ्या झालेल्या जागेत नवं बिऱ्हाड आणायचं.

बाईंनी एकच विचारलं, मोराला काही होणार नाही ना? क्षितिज म्हणाला, मोराला धक्कासुद्धा लागणार नाही.

पण दिवस कुठला? पूजेचा हंगाम तोंडावर, मशीनला क्षणाची उसंत नाही. एकच दिवस मोकळा होता, विश्वकर्मा पूजेचा. त्या दिवशी या गावात यंत्रांना सुट्टी. बसच्या नाकावर हार, रिक्षांना हार, छापखाने बंद, आणि गच्चीगच्चीवर पतंग. क्षितिजने तोच दिवस धरला. मशीन बंद, म्हणजे कॉम्प्युटर रिकामा. हिशेब अगदी बरोबर होता. त्याच्या डोक्यात यंत्र म्हणजे भरतकामाचं मशीन. त्याच्या आईच्या डोक्यात यंत्र म्हणजे घरातलं जे जे राबतं ते.

सकाळी त्याने टेबलावर पडलेला पेन ड्राइव्ह उचलला, त्यावर लिनक्स घेतलं आणि कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर मी एका लांब रंगीत पट्टीसारखी दिसले. त्याने पट्टीची कड धरली आणि डावीकडे ओढली. बस, एवढंच. तिकडे माझी सुई उठली आणि हमालीला लागली. इकडचं सामान उचल, तिकडे ठेव, आणि कुठे ठेवलं त्याची नोंद बदल. अर्धं घर जुन्या खोलीत, अर्धं नव्या. अशा वेळी मध्येच थांबायचं नसतं. पट्टी हळूहळू भरत होती. वर गच्चीवरून पतंग कापल्याची आरोळी आली, भो-काट्टा. क्षितिजने वर पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि जाता जाता आईला सांगितलं की कॉम्प्युटरला हात लावू नकोस.

बाई न्हाऊन आल्या. हातात तबक. आईकडून दसऱ्याची शस्त्रपूजा आणि इथल्या मातीकडून विश्वकर्मा, त्यांनी दोन्ही धरून ठेवलं होतं. कात्रीला कुंकू, इस्त्रीला कुंकू, मशीनच्या मानेला झेंडूचा हार. त्यांचे यजमान श्रीकांतराव पेपर वाचत खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “अगं, मलाही लाव. मीही जुनंच यंत्र आहे.”

“तुम्ही राबता कुठे?” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

माझ्या डब्याचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीचं, झाकण उन्हाळ्यापासून उघडंच होतं. आत दिवे लुकलुकत होते. ओल्या हाताने चालू विजेजवळ कुंकू न्यायचं, हे त्यांना बरं वाटलं नाही. शहाणी बाई. शिवाय आज कॉम्प्युटरचाही आरामाचा दिवस, तो का म्हणून घरघरतोय? त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. डब्यावर बोट टेकवलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं, नमस्कार केला.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, तेव्हा तुला दुखलं का? नाही. चकत्या फिरत होत्या, मग फिरेनाशा झाल्या. सुई सामान उचलून निघाली होती, ती पोचली नाही.

क्षितिज खाली आला तेव्हा त्याची बोटं मांज्याने कापली होती. त्याने आधी पडदा पाहिला, मग फूल.

“आई, कॉम्प्युटर कुणी बंद केला?”

“मी. पूजा करायची होती.”

“हात लावू नकोस म्हटलं होतं मी.”

“हात कुठे लावला? भिंतीवरचं बटण बंद केलं.”

त्याने बटण चालू केलं. मी फिरू लागले. माझ्याकडे सगळं होतं आणि काहीच नव्हतं. कुठली वस्तू कुठे आहे ते जुन्या नोंदीला माहीत नव्हतं आणि नवी नोंद पुरी झाली नव्हती. पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली आणि तिथेच उभी राहिली.

“गेलं का?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मोर?”

“सगळंच.”

“पेन ड्राइव्हमध्ये असेल. परवाच त्यावर मोर घातला होता.”

क्षितिजने लावलेला पेन ड्राइव्ह उपसला. मग म्हणाला, “तो मी सकाळी पुसला. लिनक्स त्याच्यावर घेतलं. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहेच.”

बाईंनी मान हलवली. तबक खाली ठेवलं. “चहा घेतोस?” म्हणाल्या.

श्रीकांतरावांनी पेपर उलटा धरला आहे हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

 मला वाटलं होतं भांडी पडतील, दारं आपटतील. एवढी खोटी वाटणारी गोष्ट मी रचून कधी सांगितली नसती, पण त्या घरात खरंच काही झालं नाही. बाईंनी दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली. लावून झाली तशी पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. बायका ब्लाउज घेऊन आल्या तर मशीन आजारी आहे असं सांगितलं. क्षितिज न्यू टाउनला जाऊन यायचा, जेवायचा, माझ्यासमोर बसायचा. पडद्यात दिसायचा त्याचाच चेहरा.

मग एके दिवशी त्याने मला डब्यातून काढून रुमालात गुंडाळलं आणि चांदनीच्या कॉम्प्युटर-बाजारात नेलं. तिथल्या माणसाने मला दोन वायरी लावल्या आणि सांगितलं, काही निघेल, काही नाही. निघालं ते असं, की शेकडो फायली, पण एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. ओळखायच्या कशा? एकच मार्ग, मशीनला देऊन पाहायचं.

क्षितिजने नवी डिस्क आणली. ती इतकी गप्प की जिवंत आहे की नाही कळत नाही. तिच्यात त्याने भिंत आधी घातली, मग सामान आणलं. दोन्ही बिऱ्हाडं नीट बसली. मग माय-लेक चिंध्या घेऊन मशीनसमोर बसले. तो एकेक फाइल घाली, मशीन टाके घाले, बाई बघत. एका चिंधीवर पोपटाची चोच निघाली, बाकी पोपट नाही. एकीवर शाळेचं बोधचिन्ह निघालं, त्यातला दिवा विझलेला. एक डिझाइन सुरू झालं ते सरळ रेघ मारत कापडाबाहेरच निघालं. बाई दर वेळी म्हणत, “हा नाही.” आणि दोरा कापत.

शेवटी एका चिंधीवर पांढरं वळण निघालं. पुरं झालं. त्याला लागून लाल निघालं. तेही पुरं झालं. शाखा-पोला, टाका न टाका जागच्या जागी. सुई बांगडीच्या आत गेली, एकाच भोकात चारदोनदा खालीवर झाली, आणि मशीन थांबलं. डिझाइन संपलं म्हणालं.

“पुन्हा काढ ना, आई,” क्षितिज म्हणाला. “तुझ्या हातात आहे तो.”

“हातात आहे,” त्या म्हणाल्या. “येत नाही.”

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. नव्या पडद्यावर बसल्या. मान वळवली, बदक झालं. पुसलं. पूजा तोंडावर आली, बायका थांबेनात. तेव्हा बाईंनी आलेल्या ब्लाउजांच्या बाह्यांवर बांगडी तेवढी भरली. नुसती बांगडी. आत कापड. पहिली बाई ब्लाउज न्यायला आली. तिने बाही उलटीपालटी केली आणि विचारलं, “मोयूर कोथाय?” मोर कुठाय?

बाई दोरा कापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “उडे गेछे.” उडून गेला.

ती बाई हसली. क्षितिज हसला नाही. प्रेमलताबाईही नाही.

मित्रांनो, मी म्हातारी वस्तू, उपदेश करायचा माझा हक्क आहे. माझ्यासारखीच्या पोटातली भिंत सरकवायची असेल तर आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि ती ज्यावर ठेवली तो पेन ड्राइव्ह त्या दिवशी कुणाच्या हाती लागू देऊ नका. यंत्राची पूजा जरूर करा, पण आधी बघा, ते मध्येच काही उचलून निघालेलं तर नाही. आणि घरच्या माणसाला नुसतं ‘हात लावू नकोस’ असं सांगून गच्चीवर जाऊ नका. आत काय चाललं आहे तेही सांगा. दोन वाक्यं जास्त लागतात.

पूजा झाली, दिवाळी झाली. बांगडीची मागणी अजून येते. परवा क्षितिज आईला म्हणाला, “आत काही नाही, तर बांगडी लहान करू का? दोराही वाचेल, दिसेलही नेटकी.” आकार कमी करणं पडद्यावर सोपं असतं. कड धरायची आणि आत ओढायची.

त्याने कड धरलीसुद्धा होती.

“नको,” बाई म्हणाल्या. “तेवढीच राहू दे.”

त्याने हात काढला. बांगडी आहे तेवढीच आहे. मी टेबलावर पडून असते, माझ्या बाजूने रोज नवी बाही जाते, म्हणून मला ठाऊक आहे. आतल्या जागेत एक मोर मावतो, मान मागे वळवलेला.