गर्विष्ठ मूठ

"उघडली! उघडली!" अंगणभर एकच गलका उठला. मागच्या बायका बाकांवर चढल्या, एका म्हाताऱ्याची टोपी चिखलात तुडवली गेली, आणि हारालांबने लेओंतिनाच्या आईचा उजवा हात मनगटाला धरून, पंजा खाली वाकवून उंच केला. अर्धांगाचा झटका आल्यापासून आवळून बसलेली तिची मूठ आता सैल झाली होती आणि बोटं खाली मोकळी लोंबत होती. आई, झांफीरा, ढसाढसा रडत होती.

हारालांब पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मग एका देवदूताने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. अख्ख्या मोल्दोव्हा प्रांतात देवदूताला नेमका हाच भेटला! पण बोलावं तर हारालांबनेच.

"हा हात गर्विष्ठ आहे, बहिणींनो! देवापुढे वाकत नाही, म्हणून मिटलाय. मी त्याला आधी पवित्र पाण्यात भिजवतो. मग वाकवतो. आणि वाकला, की देव उघडतो!"

पवित्र पाणी चुलीवरून कढत उतरवलेलं होतं. हारालांबची बायको त्यात विहिरीचं पाणी ओतून ते कोमट करत होती.

लेओंतिनाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला आनंद व्हायला हवा होता, पण नुसता राग येत होता. इस्पितळातल्या ओतिलियाने, फिजिओथेरपिस्टने, शिकवल्याप्रमाणे ती सकाळ-संध्याकाळ आईची बोटं हळूहळू ताणायची, रात्री बोटं सरळ ठेवणारी प्लास्टिकची पट्टी हाताला बांधायची. तिच्या हातून मूठ अशी कधीच सुटली नव्हती. मग इतके महिने आपण काय केलं?

परतीच्या बसमध्येच मूठ पुन्हा मिटली.

"तुमच्या घरात अविश्वास आहे," पुढच्या खेपेला हारालांब म्हणाला. "ती इस्पितळाची पट्टी! देव एका बाजूने उघडतोय आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने बांधताय. टाका ती चुलीत."

आईने घरी जाऊन पट्टी खरंच चुलीत टाकली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. लेओंतिना बोटं ताणायला जवळ बसली, तर आईने हात मागे ओढला.

"चर्चमध्ये सगळे तीन बोटं जुळवून क्रूसाची खूण करतात," ती म्हणाली. "मी मूठ कोटात लपवून उभी राहते, चोरासारखी. तो मला माझी तीन बोटं परत देतोय. तू काय देतेस? नुसतं दुखवतेस."

त्या दिवसापासून आईने त्या हाताला हात लावू दिला नाही. लेओंतिनाला झोप लागेना, कामात लक्ष लागेना. आईच्या तळव्यात नखांचे लाल व्रण पडले होते. ओतिलियाने फोनवर सरळच सांगितलं: "असंच राहिलं तर स्नायू आखूड होऊन बसतील. मग कुणीही वाकवलं तरी बोटं उघडणार नाहीत. लवकर काहीतरी कर, बाई."

शनिवारी लेओंतिना रश्श्यासाठी कोंबडा साफ करत होती. कापलेल्या पायातून पांढरी शीर बाहेर डोकावत होती. चिडून तिने ती ओढली, तशा नख्या मिटल्या. सोडली, तशा सुटल्या. लहानपणी याच पायाने तिने शेजारच्या पोरींना घाबरवलं होतं. तिने पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. मग हात न धुताच तिने फोन लावला.

"ओतिलिया, हारालांब वाकवतो तसं मनगट खाली वाकवलं की बोटांच्या शिरा सैल पडतात का?"

"पडतातच. बोटं ओढणाऱ्या शिरा मनगटावरून जातात. मनगट वाकलं की त्यांना ढील मिळते. गरम पाण्याने थोडा वेळ आणखी सैल होतात, पाणी आम्हीही वापरतो. झटक्यानंतर मेंदूचा लगाम सुटतो, म्हणून स्नायू आवळून राहतात. मनगट वाकवलं तरी ते आवळलेलेच असतात गं, फक्त दिसत नाही. अवघड काम आहे ते मनगट सरळ ठेवून बोटं उघडण्याचं."

आई दारातच उभी राहून ऐकत होती. तिने कोंबड्याचा पाय पाहिला, लेकीचं तोंड पाहिलं. मग खुर्चीवर बसून तिने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट सावकाश खाली वाकवलं. बोटं हळूहळू सुटली. मनगट सरळ केलं. मिटली.

"मेल्या हारालांब!" ती एवढंच म्हणाली.

रविवारी हारालांबच्या अंगणात गर्दी उसळली होती. हारालांबने हात धरायच्या आधीच आई उठली.

"थांब. आज मी उघडते," ती म्हणाली आणि तिने स्वतःच मनगट वाकवलं. बोटं लोंबू लागली. "बघा गं बायांनो, मीही संत झाले! ना पाणी, ना देवदूत!"

कुणीतरी फिसकन हसलं. हारालांब कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हा अहंकार बोलतोय."

"बोलू दे. आता तू मनगट सरळ धरून ही बोटं उघडून दाखव. तुझा देव सरळ हाताला घाबरतो का?"

हारालांबने मनगट सरळ धरून बोटं ओढली. मूठ हलली नाही. त्याने जोर लावला, तशी आई कळवळून ओरडली आणि लेओंतिनाने त्याला ढकलून बाजूला केलं.

"घरी जा," आई गर्दीला म्हणाली. "मी पट्टी जाळली, कारण चमत्कार दुखत नव्हता. तुम्ही जाळू नका. कुणी काही अजब दाखवलं तर रडण्याआधी विचारा, हे कसं होतं? देवाला राग येणार नाही. आला तर माझं नाव सांगा."

थोडे लोक उठले. बरेच बसूनच राहिले. कोमट पाण्याची बादली पुन्हा भरली जात होती.

परतीच्या बसमध्ये आईने आपल्या मुठीकडे पाहिलं.

"बोटं परत येतील का गं?"

"ठाऊक नाही, आई. आखडू मात्र द्यायची नाहीत."

"हारालांब म्हणाला असता, येतील."

"हो. तो म्हणाला असता."

आईने मूठ लेकीच्या मांडीवर ठेवली.

"मग घर यायची वाट कशाला बघतेस? ताण. हळू."